तळ्याची पाळ

हिवाळा सुरू झाला की आमच्याकडे पाहुण्यांचा राबता वाढतो. कोणी पुण्याहून येतात, कोणी नागपूरहून. सांची, भीमबेटका, भोजपूर एवढे पाहून झाले की एक संध्याकाळ ‘तुमच्या त्या तलावासाठी’ राखून ठेवलेली असते. मी त्यांना कमला पार्कापाशी घेऊन जाते. पश्चिमेला दूरवर पसरलेला मोठा तलाव, रस्त्याच्या दुसऱ्या अंगाला छोटा तलाव, आणि दोहोंच्या मधून वाहनांची अखंड रीघ. पाहुणे मोठ्या तलावाकडे तोंड करून उभे राहतात. सूर्य पाण्याला टेकतो, छायाचित्रे काढून होतात, आणि मग त्यांच्यातला एखादा अभ्यासू गृहस्थ विचारतो, “हे सगळे ठीक, पण राजा भोजाने घातलेला तो बांध कुठे आहे? तो दाखवा ना.”

मी म्हणते, “आपण त्याच्यावरच उभे आहोत.”

मग सगळे खाली पाहतात. खाली डांबर असते, फरशी असते, शेंगदाण्याची टरफले असतात. पाहुण्यांची किंचित निराशा झालेली मला दिसते. हजार वर्षांची वास्तू म्हटली की तिला शिखर हवे, कमान हवी, निदान पुरातत्त्व खात्याचा फलक तरी हवा. इथे तर पायाखालचा रस्ता हीच वास्तू. मला त्यांची निराशा समजते. कारण या गावात जवळजवळ सत्तर वर्षे काढूनही मला स्वतःला ही वास्तू फार उशिरा दिसली. ती कशी दिसली, ते सांगण्यासाठीच हे लिहीत आहे.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली. जुन्या मध्य प्रांताची राजधानी असलेले नागपूर त्या दिवशी राजधानी राहिले नाही. विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि नव्या मध्य प्रदेशाची राजधानी भोपाळला आली. नागपूरच्या सचिवालयातली दप्तरे, ती सांभाळणारे कारकून आणि त्या कारकुनांची बिऱ्हाडे आगगाडीत भरून इकडे रवाना झाली. आमचे बिऱ्हाड त्यांतलेच. मी सहा वर्षांची होते. आईला नागपूर सोडल्याचे दुःख पुढे कित्येक वर्षे पुरले. इथली भाषा वेगळी, भाजीवाल्याशी घासाघीस करण्याची रीत वेगळी, आणि संध्याकाळी जायला ओळखीचे एक घर नाही. बाबांना मात्र पहिल्याच रविवारी एक ओळखीची गोष्ट सापडली. ते आम्हां भावंडांना तलावावर घेऊन आले, काठाने बराच वेळ चालले, वाकून पाणी पाहिले, उलट बाजूचा उतार पाहिला, आणि म्हणाले, “ही पाळ आहे. माणसाने घातलेली पाळ.”

बाबा मूळचे भंडाऱ्याकडचे. तो मुलूख तळ्यांचा. कोहळी लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या मातीचे बांध घालून तिथे तळी उभी केली आणि त्यांच्या पाण्यावर धान पिकवला. तळ्याच्या बांधाला पाळ म्हणायचे, हे बाबांच्या तोंडी लहानपणापासून बसलेले. पुढे कचेरीत कोणीतरी त्यांना सांगितले की भोपाळ हे नाव ‘भोजपाल’ यावरून आले असे मानणारे आहेत, आणि त्यातल्या ‘पाल’ या शब्दाचा अर्थ बांध असा करतात. भोजाची पाळ! बाबांना झालेला तो आनंद मला अजून आठवतो. ‘भूपाल’ नावाच्या राजाशी या नावाचा संबंध जोडणारेही आहेतच, आणि व्युत्पत्तीच्या वादात निकाल देण्याचा माझा अधिकार नाही. पण परक्या गावाच्या नावात आपल्या गावाकडचा एक शब्द निघाला, एवढ्यावर बाबांनी ते गाव आपले मानले, हे मात्र खरे.

हा बांध परमार राजा भोजाने अकराव्या शतकात घातला असे परंपरा सांगते. कोलांस नावाची नदी पश्चिमेकडून येते. तिचा मूळ ओघ हलाली नदीकडे होता. इथे टेकड्यांच्या मधल्या अरुंद जागी मातीचा बांध घालून तिला अडवले. तुंबलेले पाणी पसरत पसरत भदभद्यापर्यंत गेले आणि तिथून कलियासोत नदीच्या वाटेने बेतव्याकडे निघाले. एका नदीला तिची वाट सोडून दुसऱ्या वाटेने लावणे, आणि तेही केवळ माती-दगडाच्या बळावर, ही गोष्ट आज बांधकामाची सगळी यंत्रे हाताशी असताना फारशी आश्चर्याची वाटणार नाही. पण तो बांध घालून त्यावर हजार पावसाळे जाऊ द्यावेत, आणि मग पाहावे.

याच राजाच्या नावाने सांगितले जाणारे दुसरे, याहून कितीतरी विशाल तळे भोजपूरला होते. पंधराव्या शतकात माळव्याच्या होशंगशहाने त्याचा बांध फोडला. फौजेला बांध फोडायला तीन महिने लागले आणि तळे रिकामे व्हायला तीन वर्षे, असे लोक सांगतात. आज भोजपूरच्या अपुऱ्या राहिलेल्या शिवमंदिरापाशी उभे राहून चौफेर पाहिले तर नजर पोहोचेल तिथवर शेते दिसतात. त्या तळ्यावर अवलंबून असलेले काठ, घाट, होड्या, कोळी यांतले काहीच उरले नाही. पाळ गेली की तळे जाते, आणि तळे गेले की काठ जातो. मग त्या काठावर कोणी काय बांधले होते, हा प्रश्नच उरत नाही. भोपाळची पाळ टिकली, म्हणून भोपाळला काठ मिळाला.

या काठावरची पहिली नजरेत भरणारी वास्तू म्हणजे राणी कमलापतीचा महाल. तो छोट्या तलावाच्या बाजूने उभा आहे, लाखौरी विटांचा, अठराव्या शतकाच्या प्रारंभीचा, आणि तोही या बांधावरच. गिन्नौरगढचा गोंड राजा निजामशाह याची ही राणी. त्याच्यावर विषप्रयोग झाला. एकट्या पडलेल्या राणीने अफगाण सरदार दोस्त मोहम्मद खान याचे साहाय्य मागितले, आणि त्या मदतीच्या मोबदल्यात भोपाळ हे खेडे त्याच्याकडे गेले. १७२३ च्या सुमारास राणीचा अंत झाला. तिने तलावात जलसमाधी घेतली ही कथा इथल्या प्रत्येक पोराला ठाऊक आहे. महालाचे बरेचसे मजले पाण्याखाली आहेत असेही आम्हांला लहानपणी सांगत, आणि आम्ही कठड्यावर ओणवे होऊन त्या बुडालेल्या खिडक्या शोधत असू. २०२१ मध्ये हबीबगंज रेल्वे स्थानकाला राणीचे नाव मिळाले. हल्ली पाहुण्यांना गाडीतून उतरताना ते नाव आधी भेटते आणि महाल नंतर.

दोस्त मोहम्मद खानाने तलावाच्या काठच्या उंचवट्यावर किल्ला बांधला आणि त्याला आपल्या पत्नीच्या, फतेहबीबीच्या नावावरून फतेहगढ म्हटले. तो किल्ला आता किल्ल्यासारखा दिसत नाही. त्याच्या आवारात वैद्यकीय महाविद्यालय आणि हमीदिया रुग्णालय उभे राहिले. तटबंदीचे काही अवशेष आणि शहरातली पहिली म्हणून सांगितली जाणारी चिमुकली ‘ढाई सीढी की मशीद’ एवढे मात्र राहिले आहे. या किल्ल्याखालच्या काठाने मी बाबांच्या आणि चाचांच्या मागून अनेकदा चालले आहे.

चाचा हे बाबांचे कचेरीतले सहकारी. जुन्या शहरातले, इब्राहिमपुऱ्याकडचे. नवाबाच्या रियासतीच्या दप्तरातून ते नव्या सचिवालयात आले होते. १ जून १९४९ ला रियासत विलीन झाली, ते त्यांनी डोळ्यांनी पाहिलेले. एकाचे शहर राजधानी राहिले नाही म्हणून तो इथे आलेला, आणि दुसऱ्याचे शहर राजधानी झाले म्हणून त्याला अनोळखी वाटू लागलेले. दोघांची मैत्री व्हायला एवढे कारण पुरले असावे. दर रविवारी संध्याकाळी दोघे फतेहगढच्या खालून काठाने चालत, आणि चालता चालता इतिहासावर भांडत.

बाबांचा विषय ठरलेला. डिसेंबर १७३७ मध्ये निजाम उल्मुल्क दिल्लीहून मोठी फौज घेऊन मराठ्यांवर चालून आला तो भोपाळपर्यंत. पहिल्या बाजीरावाने त्याला इथेच गाठले, रसद तोडली, कोंडून घातले. अखेर जानेवारी १७३८ मध्ये दोराहा इथे निजामाने तह केला आणि माळव्यावरचा मराठ्यांचा हक्क मान्य केला. हे सांगताना बाबा चालायचे थांबत, हातातल्या छत्रीने तलावाकडे, मग उत्तरेकडे निर्देश करत, जणू बाजीरावाची घोडी आत्ता लालघाटी उतरून येत आहेत.

चाचा सगळे ऐकून घेत. मग म्हणत, “बाबूजी, निजाम तो हैदराबाद का था. भोपाळ का क़िस्सा मुझसे सुनिए.” आणि ते १८१२ सालात शिरत. त्या वर्षी ग्वाल्हेरच्या शिंद्यांच्या आणि नागपूरच्या भोसल्यांच्या फौजांनी मिळून भोपाळला वेढा घातला. कित्येक महिने वेढा चालला. वजीर मोहम्मद खानाने मूठभर लोकांनिशी शहर लढवले. शहरात दाणा उरला नव्हता. बायका तटावर चढून दगड लोटत होत्या. शहर पडले नाही. एवढे सांगून चाचा बाबांकडे तिरका कटाक्ष टाकत आणि म्हणत, “नागपूरवाले तब तोपें लेकर आए थे, अब फाइलें लेकर आए हैं.”

बाबा खो खो हसत. आम्हांलाही तो ठरलेला विनोद पाठ झाला होता. पण मी जरा मोठी झाल्यावर एकदा मला त्या हसण्याखालचे काही जाणवले. ज्या तटाखालून आम्ही चालत होतो, त्या तटाच्या बाहेर एका वेळी माझ्या आजोळच्या मुलखातली माणसे तोफा लावून बसली होती, आणि आत चाचांचे पूर्वज उपाशी होते. दोन्ही गोष्टी एकाच काठावर घडलेल्या. शाळेत मला त्यांतली एकच शिकवली होती, आणि चाचांच्या मुलांना घरी दुसरीच. दोघे म्हातारे दर रविवारी आपापली गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत ती भांडणासाठी नव्हे, तर दुसऱ्याने ती एकदा पुरती ऐकून घ्यावी म्हणून, असे मला आता वाटते.

पाण्याच्या दृष्टीने पाहिले तर या काठाचा खरा इतिहास वेढे उठल्यानंतर सुरू होतो. त्याआधीच, १७९४ मध्ये, नवाब हयात मोहम्मद खानाचा दिवाण छोटे खान याने बांधाच्या पूर्वेला पुलपुख्ता बांधला आणि मोठ्या तलावातून झिरपणारे पाणी धरून छोटा तलाव निर्माण केला. पुढे १८१९ ते १९२६ अशी एकशे सात वर्षे, एकामागून एक चार बेगमांनी भोपाळवर राज्य केले. त्यांतली पहिली कुदसिया बेगम, म्हणजेच गौहर बेगम. अठरा-एकोणीस वर्षांची असताना वैधव्य आले, पडदा टाकून दिला, आणि कारभार हाती घेतला. तिचा गौहर महल १८२० चा. तलावाकडे तोंड करून उभा असलेला, हिंदू आणि मोगल दोन्ही धाटणीच्या कमानी आणि खांब अंगावर वागवणारा. आता तिथे हस्तकलेची प्रदर्शने भरतात. पाहुण्या बायका चंदेरी आणि माहेश्वरी साड्या घेण्यात रमल्या की मी आतल्या चौकात बसून राहते. मला त्या महालापेक्षा कुदसिया बेगमचे दुसरे बांधकाम मोठे वाटते. तिने तलावाचे पाणी नळांनी शहरात आणवले, आणि लोकांकडून त्या पाण्याचा कर घेतला जाऊ नये म्हणून स्वतःच्या पैशाची तजवीज करून ठेवली. काठावर महाल बांधणारे राजे जगात पुष्कळ झाले. काठावरचे पाणी गल्लीत नेऊन देणारी राणी विरळा.

तिच्या पाठोपाठ सिकंदर बेगमची मोती मशीद आली, शौकत महल आणि सदर मंजिल आले; शाहजहान बेगमने मोतिया तलावाच्या भोवती ताजमहल उठवला आणि ताजुल मसाजिदचे काम आरंभले. प्रत्येक बेगमेने नवे काही बांधले, पण पाळीला कोणी हात लावला नाही. नव्या राजधानीनेही तीच रीत चालवली. १९६५ मध्ये भदभद्याला अकरा दरवाजांचे धरण झाले आणि तलावाची पातळी वाढली. श्यामला टेकडीच्या उतारावर १९८२ मध्ये चार्ल्स कोरिआंनी भारत भवन उभारले. तेही असे की वरून पाहणाऱ्याला इमारत दिसत नाही, पायऱ्या दिसतात, आणि त्या पायऱ्या तलावाकडे उतरत जातात. त्याच काठाने पुढे १९८३ मध्ये वनविहार राष्ट्रीय उद्यान झाले. पाण्याच्या मध्यावर तकिया बेट आहे. त्यावर शाह अली शाह यांची मजार आहे आणि तिथल्या झाडांवर पाणकावळ्यांची वस्ती.

आणि मग १९८४. डिसेंबरच्या दोन तारखेची ती रात्र. वायू जुन्या शहरावरून गेला; टेकडीवरच्या आम्हां नव्या वसाहतवाल्यांना त्याची झळ कमी लागली. फतेहगढच्या त्या उंचवट्यावर, हमीदियाच्या आवारात, पहाटेपर्यंत माणसांचे जे लोट आले त्याविषयी मी इथे लिहिणार नाही; ज्यांनी ते पाहिले त्यांच्यापाशी ते आहे. चाचांचे घर वाऱ्याच्या वाटेत होते. चाचा वाचले, चाचींचे डोळे गेले. त्यानंतर चाचांची छाती कधी मोकळी झाली नाही. काही दिवस आई नळाचे पाणी भांड्यात धरून नुसती बघत बसे; ते प्यावे की नाही, हे तिला कोणी सांगू शकत नव्हते. पुढे रविवारचे चालणे थांबले. चाचा शीतलदासाच्या बगियेच्या घाटावर, पायरीवर बसून राहत. पाण्यावरची हवा छातीला बरी वाटते म्हणत. बाबा त्यांच्या शेजारी बसत. आता इतिहासावर भांडण्याइतका श्वास चाचांना नव्हता, म्हणून बाबाच दोघांच्याही बाजूने बोलत. निजामाचा पराभव करून झाला की १८१२ चा वेढाही तेच उठवत. १९९१ मध्ये बाबा गेले. चाचा एकटे बसू लागले.

आता जे सांगायचे आहे ते मी आजवर कुठे सांगितलेले नाही.

आमच्या वसाहतीत आम्हां मराठी मंडळींचा सार्वजनिक गणपती १९५७ पासून बसत होता. पहिली अनेक वर्षे मूर्ती हातभर उंचीची, मातीची असे. बाबाच ती डोक्यावर घेऊन बगियेच्या घाटावर उतरत. १९९४ साली मंडळाची चिटणीस मी होते. इतर मंडळांच्या मूर्ती आठ-आठ, दहा-दहा फुटांच्या झाल्या होत्या, आणि आमची मूर्ती पाहून लोक हसतात अशी तरुण मंडळींची तक्रार होती. मी पुढाकार घेऊन नऊ फुटांची मूर्ती आणवली. प्लॅस्टरची, आत लोखंडी सळया, बाहेर सोनेरी रंग. अनंत चतुर्दशीला ट्रकवरून ती घाटावर आली तेव्हा मला कृतार्थ वाटत होते.

चाचा नेहमीप्रमाणे पायरीवर होते. मी त्यांच्या पाया पडले. त्यांनी मूर्तीकडे पाहिले आणि श्वास घेत घेत म्हणाले, “बिटिया, मूर्ती तो बहुत सुंदर है. मगर यह पानी हम सब पीते हैं.”

ते बोलणे अगदी साधे होते. पण ते दिवस साधे नव्हते. डिसेंबर १९९२ ची जखम शहराच्या अंगावर ओली होती, आणि माझ्यासारख्या स्वतःला समंजस समजणाऱ्या बाईच्या मनातही कुठे कुठे भिंती उभ्या राहिल्या होत्या. माझ्यासोबतची मुले ऐकत होती. मी म्हणाले, “चाचा, यह हमारी आस्था की बात है.”

चाचा काही बोलले नाहीत. त्यांनी मान हलवली आणि सरकून आमच्यासाठी वाट करून दिली.

पुढे कित्येक रात्री मला ती दोन वाक्ये शेजारी शेजारी ऐकू येत राहिली. मराठीत ‘आपण’ आणि ‘आम्ही’ असे दोन वेगळे शब्द आहेत. ऐकणाऱ्याला आत घ्यायचे की बाहेर ठेवायचे हे आपल्या भाषेत लपवता येत नाही. हिंदीत दोन्हींसाठी एकच ‘हम’. चाचांच्या ‘हम’मध्ये मी होते. माझ्या ‘हमारी’मध्ये ते नव्हते. ज्यांनी तीस-पस्तीस वर्षे दर रविवारी माझ्या बाबांचा बाजीराव ऐकून घेतला, त्यांचे एक वाक्य मी ऐकून घेतले नाही. त्यानंतरही मी त्यांच्या घरी जात होते, ईदेला शीरखुर्मा खात होते. ते मला बिटियाच म्हणत होते. तो विषय त्यांनी काढला नाही, आणि मी काढायचा तो काढला नाही. २००३ मध्ये चाचा गेले. त्याच्या आदल्याच वर्षी, २००२ मध्ये, आमच्या तलावाला रामसर यादीत स्थान मिळाले होते. पाणी निर्मळ राहावे म्हणून विसर्जनाचा मुख्य घाटही प्रेमपुऱ्याकडे हलवण्यात आला. वर्तमानपत्रातली ती बातमी वाचून चाचा मला काही म्हणाले नाहीत. म्हणाले असते तर बरे झाले असते.

२००८ चा पाऊस हुकला. २००९ च्या उन्हाळ्यात तलाव इतका आटला की तकिया बेटापर्यंत माणसे चालत जाऊ लागली. शहराला एक दिवसाआड पाणी मिळू लागले. जिथे होड्या फिरत तिथे मुले क्रिकेट खेळत होती. तेव्हा गाळ काढण्याचे श्रमदान सुरू झाले. विद्यार्थी, नोकरदार, व्यापारी, मौलवी, पुजारी, सगळे टोपली-फावडे घेऊन तलावात उतरले. मी एकोणसाठ वर्षांची होते. गुडघे कुरकुरत होते, तरी गेले. पहिल्यांदाच मी तलावाच्या तळावर उभी राहून काठाकडे पाहत होते. वर गौहर महल, पलीकडे फतेहगढ, आणि या टोकाला पाळ. पाणी नसल्यामुळे तिची उंची दिसत होती. ज्या रस्त्याने मी पन्नास वर्षे ये-जा केली, तो किती उंचावर आहे आणि त्याच्या पोटात केवढी माती आहे, हे मला त्या दिवशी कळले. बाबांनी सहा वर्षांच्या मला बोट करून दाखवलेली गोष्ट मला एकोणसाठाव्या वर्षी दिसली.

दुसऱ्या की तिसऱ्या दिवशी माझ्या फावड्याला काही टणक लागले. चिखल पुसला तर हात निघाला. प्लॅस्टरचा, कोपरापासून तुटलेला, तळव्यात मोदक. मनगटावर कुठे कुठे सोनेरी रंगाचा तवंग, आणि मोडल्या जागेतून गंजलेली सळई बाहेर आलेली. तो आमच्याच मूर्तीचा होता असे मी म्हणू शकत नाही. त्या गाळात तसे अनेक हात, अनेक मुकुट निघत होते. पण माझ्या हाती आला तो आला. पंधरा वर्षे पाण्यात राहूनही तो विरघळला नव्हता. विसर्जन या शब्दाचा अर्थच मुळी त्याला माहीत नव्हता. मला रडू आले, आणि शेजारी गाळ भरणाऱ्या मुलीला वाटले मावशींना ऊन लागले. तिने मला पाणी आणून दिले. ते त्याच तलावाचे होते.

तो हात मी टोपलीत टाकला. टोपली ट्रॉलीत गेली. गाळ शेतकऱ्यांनी आपल्या शेतांत नेला, आणि लोखंड, प्लॅस्टर वेगळे काढून कुठेतरी टाकले गेले असेल. माझ्या बोलण्याचे तसे वेगळे काढता येत नाही. ज्याची क्षमा मागायची तो माणूस नाही. मग मी एवढेच केले, की पुढच्या वर्षीपासून घरी वीतभर मातीची मूर्ती आणते, बादलीत विसर्जन करते, आणि ती माती कुंडीत घालते. मंडळानेही पुढे मातीची मूर्ती स्वीकारली. चर्चा लांबली, पण स्वीकारली.

२०११ मध्ये तलावात, जुन्या बुरुजावर, राजा भोजाचा भव्य पुतळा उभा राहिला. व्हीआयपी रोडवरून जाताना तो दुरूनच दिसतो, आणि पाहुण्यांना काठावर ज्याचे चित्र घ्यावे असे काही तरी एकदाचे मिळाले. पुतळा देखणा आहे. पण मला वाटते की राजाला पाहायचे असेल तर कमला पार्कापाशी उभे राहून पायाखाली पाहावे. गोंड राणीने त्याच्या पाळीवर महाल बांधला, अफगाण सरदाराने त्याच्या पाण्याच्या आधाराने किल्ला बांधला, बेगमांनी ते पाणी घरोघर नेले, आणि आम्ही दप्तरे घेऊन आलेले लोक तेच पाणी प्यालो. बांधणाऱ्याचा धर्म, भाषा, मुलूख काय होता हे त्या पाण्याने कधी विचारले नाही. भोजपूरचे तळे एका सुलतानाने फोडले, त्याला निदान तीन महिने खपावे लागले. आमच्यासारखी माणसे तळे फोडत नाहीत. आम्ही ते थोडे थोडे भरत आणतो, भक्तिभावाने, वाजतगाजत, आणि मनात कुठलाही वाईट हेतू नसताना.

या गावात एक आकडा पोराटोरांना पाठ असतो: सोळाशे सहासष्ट पूर्णांक ऐंशी शतांश फूट. तलाव भरला म्हणजे त्याची पातळी समुद्रसपाटीपासून एवढी होते. त्यानंतर भदभद्याचे दरवाजे उघडतात आणि अर्धे शहर ते पाहायला धावते. चाचांचा नातू आता चाळिशीचा आहे. पावसाळ्यात दरवाजे उघडले की त्याचा फोन येतो. पहिला फोन मलाच करायचा हे त्याने कुठून उचलले, कोण जाणे. बोलणे एका वाक्याचे असते.

“बुआ, गेट खुल गए. हमारा तालाब भर गया.”

मी म्हणते, “हाँ बेटा, हमारा.” आणि छत्री घेऊन निघते. वाट पाळीवरूनच जाते.